सोळा किलोमीटर

दुर्गाचं पत्र मला फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मिळालं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. सन दोन हजार तीन. निळं आंतर्देशीय होतं. अक्षर सरळ, ओळी काटेकोर. मीच शिकवलेलं अक्षर.

'गुरुजींना नमस्कार. मी बारावी पास झाली. वनरक्षकाचा फॉर्म भरला आहे. मे महिन्याच्या शेवटी आलापल्लीला शर्यत आहे, मुलींना सोळा किलोमीटर. इकडे डांबरी रस्ता नाही व घड्याळ नाही. एक महिना आधी तुमच्या घरी राहू दिलं तर सराव होईल. तांदूळ आम्ही आणू. हो किंवा नाही ते कळवावे. आपली विद्यार्थिनी, दुर्गा इसरू पुंगाटी, मु. येरमटोला.'

येरमटोल्याच्या आश्रमशाळेत मी अकरा वर्षं मराठी शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर आलापल्लीत दोन खोल्यांचं घर घेतलं. एका खोलीत मी आणि माझी बायको सुलताना, दुसरीत माझी पुस्तकं. पोरीला ठेवायचं तर पुस्तकं हलवावी लागतील, हे आधी माझ्या मनात आलं. मग आलं, शेजारी काय म्हणतील. मग, तिला रोज पहाटे रस्त्यावर कोण नेणार, मला त्यातलं काय कळतं. उत्तराचे चार मसुदे केले. एक फार कोरडा वाटला, एकात नको इतकं आश्वासन होतं. सुलतानाला मी विचारलंच नाही. पत्र शब्दकोशात ठेवलं. मार्च गेला, एप्रिल गेला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात वाटलं, लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावं. भामरागडच्या गाडीने निघालो, फाट्यावर उतरलो आणि आठ किलोमीटर आत चालत गेलो. पोचायला अकरा वाजले. गावात तरणं माणूस एक नव्हतं. सगळे तेंदूपत्त्याला गेलेले. मोहाच्या सावलीत डोमा, गावातला सगळ्यात म्हातारा माणूस, दोरी वळत बसला होता.

"जोहार गुरुजी. बसा."

"बसत नाही डोमाभाऊ. इसरूला एक शब्द सांगून असाच फिरतो. चारची गाडी आहे."

डोमाने दोरी खाली ठेवली. "कोन मेलं?"

"कोणी नाही."

"मंग उभ्या उभ्या कायले जाता? मरनाची खबर आननारा टेकल्याबिगर फिरते. बाकी कोनी नाई. बसा. पानी घ्या."

मी बसलो. अकरा वर्षं राहून मी हे विसरलो होतो. त्या गावात कुठेही पोचलं की आधी टेकायचं, पाणी प्यायचं आणि मगच पाठ फिरवायची. शाळेत निरोप घेऊन येणारं पोरगंसुद्धा दाराशी दोन मिनिटं बसायचं. निरोप सांगितला की लगेच पळ, असं म्हटलं तर भेदरून बघायचं.

थोड्या वेळाने इसरूच्या घरची रानातून आली. पुढे त्याची बायको केसरबाई, मागे दुर्गा, दोघींच्या डोक्यावर पानांची मोठी गाठोडी. सगळ्यात मागे इसरू, रिकाम्या हातांनी. दोन वर्षांपूर्वी अस्वलाने त्याचा उजवा खांदा फाडला होता. हात छातीच्या वर जात नव्हता. त्याला नांगर धरता येत नव्हता, गाठोडं उचलता येत नव्हतं. तेंदूची झुडपं कमरेइतकी असतात म्हणून पानं तेवढी तो डाव्या हाताने खुडायचा.

"गुरुजी आले!" तो म्हणाला. "मी मनत होतो ना वं, गुरुजी येतीन."

दुर्गाने गाठोडं उतरवलं आणि माझ्या पाया पडली. अंगाने काटक, उंची बेताची. बोटं तेंदूच्या चिकाने काळी झाली होती. तिने पत्राचं काही विचारलं नाही. मीही बोललो नाही.

आंगणातल्या मांडवाखाली तिघं पानं लावायला बसली. सत्तर पानांचा एक पुडा. पाठीला पाठ, पोटाला पोट लावून पानं जुळवायची, सालीच्या दोरीने बांधायची. पहाटे चारला निघायचं, ऊन चढेपर्यंत खुडायचं, तीनपर्यंत पुडे बांधायचे, मग ते डोक्यावर घेऊन चार किलोमीटरवरच्या फळीवर, म्हणजे ठेकेदाराचा मुन्शी पानं मोजून घेतो त्या जागेवर, रांगेत उभं राहायचं. असे पंधरा दिवस. वर्षातले कामाचे म्हणावे असे हेच पंधरा दिवस.

"सराव?" मी दुर्गाला विचारलं.

ती हसली. "चालाचा सराव मनलं का इथी बाया हासतेत गुरुजी. मनतेत, आमी जलमभर चालून राह्यलो, आमाले कोन नोकरी देल्ली?"

"बरोबरच मनतेत," केसरबाई म्हणाली. "फळीवर जानं-येनं आठ किलोमीटर. डोक्शावर बोजा. हे का सराव नाई?"

"थे चालनं हाये माय. हे पळनं हाये. फरक हाये."

"मंग पळत जात जा फळीवर. पान उडून जाईन तं मुन्शी पकडीन."

इसरू हसला नाही. पुड्याची गाठ दातांनी ओढत तो म्हणाला, "गुरुजी, तीन जागा हायेत पोरीईच्या. पोट्टीले लागली तं लागली. माया हात आता असाच राहीन."

चारची गाडी गेली होती. मी त्यांच्याबरोबर फळीवर गेलो. दुर्गाच्या डोक्यावर सकाळच्यापेक्षा मोठा बोजा होता, बापाच्या वाटचाही. मान ताठ, एक हात वर, दुसरा हलता. पाय कसे झपाझप पडत होते. मी मागे पडलो की ती थांबायची. मुन्शीने त्यांचे पुडे एक-एक करून दाबून बघितले आणि सात पुडे बाजूला फेकले.

"पानं बारकी हायेत."

"काल त्याच झुडपाची घेतली ना जी," केसरबाई म्हणाली.

"कालची भूक लहान होती असन. उचला."

दुर्गाने वाकून ते सात पुडे गोळा केले. रांगेतल्या बायका दुसरीकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुर्गा मला फाट्यापर्यंत सोडायला आली. अर्ध्या वाटेत थांबली. "गुरुजी, घडी हाये ना तुमच्याजवळ? मी या येनापासून नाल्यापावतर पळतो. किती लागते, पाहा." चपला काढून तिने हातात घेतल्या आणि सुटली. येनाच्या झाडाखाली मी मनगट डोळ्यांशी धरून उभा होतो. नाल्याच्या काठावर पोचून तिने हात वर केला.

"सहा मिनिटं," मी जवळ गेल्यावर सांगितलं.

"बराबर हाये का थे?"

मला ठाऊक नव्हतं. अंतर किती ते ठाऊक नव्हतं, चांगली धावणारी मुलगी किती घेते तेही नाही. "बरं आहे," मी म्हणालो. गाडी आली. खिडकीतून तरी सांगावं असं वाटलं, की उरलेले पंधरा दिवस तरी ये. कंडक्टरने घंटा दिली.

सत्तावीस मेला, शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी, इसरू आणि दुर्गा माझ्या दारात उभे होते. इसरूच्या डाव्या खांद्यावर तांदळाची पिशवी. दुर्गाच्या पायात नवे कॅनव्हासचे बूट, आठवडी बाजारातले.

सुलतानाने दोघांना आत घेतलं, पाणी दिलं. इसरूने पिशवी तिच्या पुढ्यात ठेवली. "बाई, हे तांदूळ. महिन्याचे आनाचे होते, आता एका दिवसाचे घ्या."

"महिन्याचे कायले?"

"पोट्टीनं चिठ्ठी लिवली होती ना गुरुजीले. इथी राहू द्या मनून."

सुलतानाने माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसू लागलो.

"जवाब आला नाई," इसरू साधेपणाने म्हणाला, "तं मी मनलं, नाई मनाचं असतं तं गुरुजीनं लिवलं असतं. माणूस नाई मनासाठी लवकर लिवते. पण मंग पान सुरू झालं."

ते हातपाय धुवायला मागे गेले तेव्हा सुलताना हळूच म्हणाली, "अजी, मले सांगाचं तर होतं. मी काय नाही म्हणाली असती?"

"खोलीत पुस्तकं..."

"किताबं काय भात खातात?" एवढंच बोलून ती चुलीपुढे गेली. त्या संध्याकाळी तिने दुर्गाला जवळ बसवून तिच्या टाचेवरचे फोड बघितले. बूट चार दिवसांपूर्वी घेतलेले. सुलतानाने फोडांवर खोबरेल लावलं, जुन्या ओढणीच्या पट्ट्या फाडून टाचांना बांधल्या. बांधताना सारखी म्हणत होती, "एक महिना, बाई. एक महिना." ते दुर्गाला उद्देशून नव्हतं.

शर्यत सकाळी सहाला, वनखात्याच्या डेपोपासून. मुलचेऱ्याच्या रस्त्याने आठ किलोमीटर जायचं आणि परत यायचं. पळा नाही तर चाला. वळणाच्या जागी हातावर शिक्का मारून घ्यायचा. वेळ चार तास होती, पण तेवढ्यात सगळ्याच येतात. अडतीस मुली, जागा तीन. ज्या पहिल्या येतील त्या.

इसरू डेपोपाशी थांबला. मी पहाटेच सायकल घेऊन वळणाच्या जागी गेलो. का गेलो, नीट सांगता येत नाही. पाण्याची बाटली घेऊन गेलो होतो, पण बाहेरच्यांनी काही द्यायचं नाही असा नियम होता. रस्त्याच्या कडेला टेबल, टेबलामागे शिक्का मारणारा बाबू. शेजारी पाण्याचा रांजण, पलीकडे चहाची टपरी. टपरीवर सात-आठ माणसं तमाशा बघायला जमलेली. मी त्यांच्या मागे, सागाच्या झाडाला सायकल टेकवून उभा राहिलो.

पावणेसातच्या सुमाराला पहिली मुलगी दिसली. उंच, अंगात खेळाडूंचा बनियन. शिक्का घेतला आणि जागच्या जागी वळली. मग दुसरी, मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीतली. टपरीवरचे तिला ओळखत होते, "अन्नपूर्णा, चल चल" करून ओरडले. तिच्यामागे शंभर पावलांवर दुर्गा.

तिसरी. मी बाटली घट्ट धरली. ती चांगली पळत होती. फळीच्या वाटेवर दिसली होती तशीच मान, खांदे हलत नव्हते. डाव्या टाचेवर पट्टी लाल झाली होती. ती टेबलापाशी आली, हात पुढे केला, बाबूने शिक्का मारला. तिने रांजणातून पेलाभर पाणी घेतलं.

आणि ती बसली.

रस्त्याच्या कडेला, सागाच्या पडक्या खोडावर, गुडघ्यावर पेला ठेवून. दमून कोसळली नव्हती. कोणाच्या आंगणात आल्यासारखी टेकली होती. सावकाश पाणी प्यायली.

"अवो बाई, चहा सांगू का?" टपरीवरून एकजण ओरडला.

"खाट टाका रे, खाट. पाव्हनी आली."

हशा झाला. दुर्गाने तिकडे पाहिलं, समजून न समजल्यासारखं हसली. बाबू पुढच्या मुलीच्या हातावर शिक्का मारत होता. चौथी वळून गेली. पाचवी गेली.

त्या सगळ्या माणसांत ती का बसली हे एका माणसाला ठाऊक होतं. सोळा दिवसांपूर्वी डोमाने मला बसवलं होतं. ती पोचली होती, आणि पोचलेलं माणूस मरणाची खबर आणल्यासारखं उभ्या उभ्या फिरत नाही. तिला कोणी सांगितलं नव्हतं की इथे फिरायचं असतं. एक महिना हा रस्ता रोज पायाखालून गेला असता, रोज याच सागापासून वळली असती, तर सांगायचीही गरज पडली नसती. मी ओरडायला हवं होतं. नियमात बाटलीला मनाई होती, आवाजाला नव्हती. "दुर्गा, ऊठ," एवढेच दोन शब्द. टपरीवरची माणसं वळून बघतील, असं वाटलं. हे म्हातारं कोण, या पोरीचं कोण, असं. तोंड उघडलं होतं. आवाज निघाला नाही.

ती आपणहून उठली. मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं झाली होती. उठल्यावर पहिली दहा-वीस पावलं लंगडली. बसल्याने पाय आखडले होते. मग पळू लागली.

परतीचं मी सायकलवरून, मागून, लांबून पाहिलं. ऊन चढलं होतं, डांबर तापलं होतं. बाराव्या किलोमीटरला ती कडेने चालू लागली, पुन्हा पळाली. एका पुढच्या मुलीला तिने गाठलं. शेवटच्या दोन किलोमीटरला बूट काढून हातात घेतले आणि डांबरावर अनवाणी पळत राहिली.

डेपोपाशी पोचलो तेव्हा इसरू तारेच्या कुंपणाला डावा हात धरून उभा होता. दुर्गा जमिनीवर बसली होती, पायांचे तळवे वर करून. तळव्यांची कातडी सोलली होती.

"चवथी," इसरू म्हणाला. "तिसरीत आन हिच्यात दीड मिनिट. साहेबानं सांगतलं."

दीड मिनिट. मी तिथेच मातीत बसलो.

"तिथी बसली होती मी," दुर्गा बापाला म्हणाली. "शिक्क्याजवळ. पानी पेली."

"बसली? काऊन?"

"पोचली ना मी. टेकली."

इसरूने तिच्या तळव्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "हाव. टेकाव लागते." त्याला त्यात काही चूक दिसली नाही. चूक दिसत होती ती मला.

दुर्गा माझ्याकडे वळली. "गुरुजी, तुमी तिथीच होते. झाडाजवळ. मी पाह्यलं तुमाले."

"होतो."

"मंग बसाचं नाई मनून आवाज काऊन नाई देल्ला?"

रागाने विचारलं नव्हतं. वर्गात विचारायची तसंच, एखादा शब्द कळला नाही म्हणून. वर्गात मी लगेच उत्तर द्यायचो. इथे खाली मान घातली. ती बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधू लागली.

त्यांची गाडी दुपारी होती. सुलतानाने भाकऱ्या बांधून दिल्या, तांदळाची पिशवी परत दिली. इसरू घेईना. "ठेवा बाई. दिल्लं थे दिल्लं."

गाडीत चढण्याआधी तो म्हणाला, "पुढच्या साली पुन्ना भरती हाये मनतेत. पण ताडगावकडून सोयरे येऊन राह्यले पोट्टीसाठी. आखाडीच्या आधी हो-नाई सांगाचं हाये त्याईले. पोट्टी मनते, थांबा. कायच्या भरवशावर थांबू, सांगा."

दुर्गा खिडकीत बसली होती. "गुरुजी, आता मी चिठ्ठी लिवणार नाई," ती म्हणाली. "येक लिवली हाये. तिचाच जवाब द्या. नाले भरल्यावर टपाल येत नाई आमच्याकडे."

पुढे बारा दिवस मी पुन्हा मसुदे करत बसलो, हे लपवण्यात अर्थ नाही. माफी कुठे मागायची, सुरुवातीला की शेवटी. 'चि. दुर्गा' लिहायचं की 'प्रिय'. दहा जूनला दक्षिणेकडून ढग चढले, दुपारीच अंधारून आलं. सुलताना दुसऱ्या खोलीतून पुस्तकांचे ढीग उचलून माझ्या भोवती आणून ठेवू लागली. मी काय चाललंय म्हणून विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. पाचव्या फेरीला म्हणाली, "हो का नाही, एवढंच विचारलं ना तिनं? मग इतका कागद कायले लागते?"

मी नवं आंतर्देशीय घेतलं.

'चि. दुर्गा, तुझ्या फेब्रुवारीच्या पत्राचं उत्तर. हो. दिवाळी झाली की ये, भरती होईपर्यंत राहा. खोली रिकामी केली आहे. इसरूभाऊंनी सोयऱ्यांना थांबायला सांगावं. मी त्या दिवशी आवाज दिला नाही, कारण मला लोकांची लाज वाटली. दुसरं कारण नाही. गुलाम रसूल.'

वाचून पाहिलं नाही. वाचलं असतं तर फाडलं असतं. डिंक लावला आणि छत्री न घेता निघालो.

टपाल कार्यालयाच्या बाहेरची पेटी उद्या सकाळी उघडणार होती. आत गेलो. खिडकीमागे बाबू भामरागडच्या थैलीला लाख लावून बसला होता. गाडी बाहेर उभी होती, इंजिन चालू.

"हे येरमटोल्याचं आहे," मी म्हणालो.

"थैली बांधली गुरुजी. उद्या जाईन."

"पाऊस येतो आहे. नाला..."

"आता लाख लावली ना जी. एका चिठ्ठीसाठी फोडू का? ठेवा, उद्या पाहू." तो पावत्या लावू लागला. माझ्या मागे चार माणसं उभी होती. एक दुकानदार, दोन बायका, एक शिपाई. सगळे ओळखीचे.

"फोडा," मी म्हणालो.

त्याने ऐकलं नाही.

"थैली फोडा!"

खोलीतलं बोलणं थांबलं. मागच्या बायकांपैकी एक दचकून बाजूला झाली. बाहेरून ड्रायव्हरने आत डोकावून पाहिलं. माझे कान तापले होते, पण हात खिडकीतून आत होता, पत्रासकट, आणि मी तो मागे घेतला नाही.

बाबू माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने चाकू घेतला, लाख खरवडली, दोरी सोडली. पत्र आत टाकलं. पुन्हा दोरी बांधली. कंडक्टरने थैली उचलून टपावर नेली आणि गाडी भामरागडच्या रस्त्याला लागली.